कोच मॉक ऊर्फ मोकाशी मॅडम

अमेरिकेतल्या कॉलेजांकडून मॅडमना येणाऱ्या बहुतेक ई-मेलची सुरुवात ‘डिअर मिस्टर मॉक’ अशी असायची. सिंगापूरमध्ये मॉक म्हटलं की चिनी आडनाव, आणि खेळाचा कोच म्हटला की पुरुष, असं लिहिणाऱ्याने धरून चाललेलं असे. आमच्या शाळेतल्या मुलींची ‘मोकाशी’ म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी त्याचं ‘कोच मॉक’ करून टाकलं होतं. मोकाशी मॅडमनी ते मुकाट्याने घेतलं. कुणी ‘मिस्टर’ लिहिलं तरी त्या दुरुस्त करत नसत.

“विचारलंय मुलीबद्दल. माझ्याबद्दल नाही,” म्हणायच्या.

मी त्याच इंटरनॅशनल शाळेत फिजिक्स शिकवतो. मॅडम पीटीच्या शिक्षिका. मूळच्या पुण्याच्या, तरुणपणी हॉकीत फुलबॅक खेळलेल्या. नवरा बोटीवर चीफ इंजिनियर. त्याच्या कंपनीचं ऑफिस सिंगापूरला, म्हणून त्या इथे आल्या आणि वर्षातले सहा-सात महिने एकट्या राहत आल्या. शाळेत लॅक्रोस शिकवणारा अमेरिकन शिक्षक मध्येच मायदेशी परतला तेव्हा प्रिन्सिपलनी काठ्यांची पिशवी मॅडमच्या स्वाधीन केली. लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत, पळवत न्यायचा आणि गोल करायचा. अमेरिकेतल्या कॉलेजांत त्याला मोठा मान आहे. चांगला खेळणाऱ्या मुलीला चांगल्या कॉलेजात जागा मिळायला त्याची मदत होते, म्हणून आमच्याकडच्या पालकांनाही त्याचा मान. मुलींच्या खेळात अंगावर धक्का मारायला बंदी आहे. बचाव करणारीने नुसत्या पायांनी आणि काठीने समोरचीची वाट बंद करायची.

“हॉकीत काठी खाली, इथे वर,” मॅडम म्हणाल्या होत्या. “पाय तेच.”

पन्नाशीच्या, ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. ट्रॅकपँट, लांब बाह्यांचा टीशर्ट, हनुवटीखाली दोरी बांधलेली हॅट. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्यांनी फुंकलेली मी क्वचितच ऐकली. त्यांचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला सहज पोचायचा.

माझी त्यांची ओळख झाली ती कॅमेऱ्यामुळे. कॉलेजांना मॅचेसचे व्हिडिओ पाठवावे लागतात आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये एक बरा ट्रायपॉड आहे, हे त्यांना कुठून तरी कळलं. एका शनिवारी सकाळी मी मैदानावर कॅमेरा लावून उभा राहिलो आणि मॅच इमानदारीने टिपली. सोमवारी त्यांनी स्टाफरूममध्ये ती पाहिली.

“सर, तुम्ही चेंडूच्या मागे गेलात.”

“मग कशाच्या मागे जायचं?”

“चेंडू कुणालाही दिसतो. चेंडू लांब असताना ही मुलगी काय करतेय, ते मला हवंय.”

पुढच्या शनिवारी मी चेंडू सोडून एकाच मुलीवर कॅमेरा धरला. पहिली दहा मिनिटं अगदी वेड्यासारखं वाटलं. मग दिसायला लागलं. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही ती मुलगी सारखी सरकत होती, मान वळवून मागचीला काही सांगत होती, दोन पावलं मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती. तेव्हापासून शनिवारचा मी शाळेचा कॅमेरामन झालो. मला त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि मीही नाही म्हटलं नव्हतं. मॅडमबरोबर काम करणाऱ्या बहुतेकांचं असंच व्हायचं.

मॅचनंतर आम्ही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जायचो. मॅडम बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायच्या. MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, दांडी न धरता उभं राहणारं कुणी दिसलं की त्यांची नजर खाली वळायचीच. माणसांची नावं त्या विसरत. माझ्या बायकोला त्या चार वेळा भेटल्या आणि चारही वेळा त्यांनी तिचं नाव विचारलं. पण “ती नाही का, उजव्या टाचेवर जोर देऊन चालते ती,” असं म्हणाल्या की समजायचं, माणूस त्यांच्या पक्कं लक्षात आहे.

त्यांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे ‘चालेल’. कॉलेजच्या कोचना इंग्रजीत लिहिताना त्या त्याचं सरळ ‘विल डू’ करत. इतर शाळांतून येणाऱ्या शिफारशींत मुली ‘असामान्य’ आणि ‘जन्मजात नेत्या’ असायच्या. मॅडमच्या दोन ओळींत ‘डावा हात कच्चा. हरताना गप्प होते. मागे धावताना उत्तम. विल डू.’ एवढंच असायचं. सुरुवातीला मला वाटायचं, या बाई मुलींचं नुकसान करताहेत. पुढे एका कॉलेजच्या कोचची ई-मेल त्यांनी मला दाखवली. तिने एका मुलीबद्दल एवढंच विचारलं होतं: ‘ही विल डू आहे का?’

रेवती शेवडे त्यांना सापडली ती मात्र मैदानावर नव्हे. मराठी मंडळाच्या गणपतीत सापडली. हॉलमध्ये मुलांचे नाच चालू होते आणि चार-पाच वर्षांची पोरं सारखी स्टेजकडे धावत होती. त्यांना आवरायला तेरा वर्षांच्या रेवतीला स्टेजसमोर उभं केलं होतं. आट्यापाट्यांत पाटी धरल्यासारखी दिसत होती, परकराचा घोळ एका हातात धरून. मी आरतीच्या ताटाशी उभा होतो. मॅडमनी माझा दंड धरला.

“ती मुलगी कुणाची?”

“शेवडेंची. यंदाच आपल्या शाळेत आलीय. जुरोंग आयलंडवर प्लँटमध्ये आहेत ते. का?”

“बघा जरा. एकाही पोराला हात लावत नाही ती.”

खरंच लावत नव्हती. पोरगं उजवीकडून आलं की ती अर्धं पाऊल आधीच तिथे असायची, आणि ते पोरगं आपोआप कडेला, खुर्च्यांच्या रांगेकडे वळायचं. रडत कुणीच नव्हतं. पोरांना वाटत होतं, आपण स्वतःच्या मर्जीने वळलो. मॅडम आरती होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग शेवडेंना गाठून म्हणाल्या, “तुमची मुलगी सोमवारपासून संध्याकाळी माझ्याकडे पाठवा.” नमस्कार नाही, ओळख नाही. शेवडेंना वाटलं, मुलीने काही तरी गुन्हा केलाय.

शेवडे सरळ माणूस. पहाटे कंपनीच्या बसने आयलंडवर जायचे, संध्याकाळी यायचे, गळ्यातला पास घरी आल्यावर काढायचे. मुलीने हातात काठी घेऊन धावणं त्यांना पहिल्यांदा पोरखेळ वाटला. पुढे तीन वर्षांत रेवती शाळेच्या बचावाची मुख्य खेळाडू झाली, आणि अमेरिकेत कुठल्या कॉलेजात कोण गेलं याच्या गोष्टी शेवडेंच्या कानावर यायला लागल्या. मग त्यांनी तो पोरखेळ इतका मनावर घेतला की विचारू नका. सोळाव्या वर्षी रेवतीच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट बँकॉकच्या स्पर्धेत अर्धवट फाटलं. ऑपरेशन टळलं, पण कित्येक महिने फिजिओथेरपी चालली. तिला रोज संध्याकाळी घेऊन जाणारे शेवडेच. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं.

तोआ पायोहमध्येच त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. जेवणं झाल्यावर त्यांनी टीव्हीवर एक व्हिडिओ लावला. एका एजन्सीकडून करून घेतला होता. मागे ढोल, रेवती हळू गतीत चेंडू हिसकावते, हळू गतीत केस उडतात, मग इंग्रजीत तिचं नाव आगीच्या ज्वाळांत. शेवडे वहिनींचे डोळे भरून आले होते. रेवती उशीत तोंड खुपसून “बाबा, सो पैसे, लाह,” म्हणत होती. पैसे म्हणजे आपले पैसे नव्हेत. ‘लाज आणणारं’ या अर्थाचा इथला शब्द.

“कसा वाटला, मॅडम?” शेवडेंनी विचारलं.

“यात तिने चेंडू हिसकावलेला दिसतो.”

“हो ना!”

“समोरच्या मुलींनी तिच्या बाजूला यायचंच टाळलं, ते कुठंय?”

शेवडेंना कळेना. “ते कसं दाखवणार?”

“अख्खी मॅच पाठवून. न कापता. ज्याला बघता येतं तो बघतो.”

“आणि चुका? त्याही दिसतील की.”

“दिसू देत,” मॅडम म्हणाल्या आणि वहिनींना खीर थोडी अजून वाढायला सांगितली.

एका नावाजलेल्या कॉलेजची कोच पुढच्या मोसमात स्वतः मॅच बघायला आली. तिचं नाव डॅना. ती हाँगकाँगला आणि मग आमच्याकडे अशी एक चक्कर मारून रात्रीच्या विमानाने परतणार होती. गेटवर आली आणि माझ्याकडे बघून, हात पुढे करून, “कोच मॉक?” म्हणाली. मी बोट दाखवलं. हॅटची दोरी सोडून घाम पुसणाऱ्या मॅडमकडे तिने क्षणभर बघितलं, मग मोकळं हसली. दोघींचं जमलं.

मॅच सुरू झाली. रेवतीचा शर्ट सोळा नंबरचा. पहिली काही मिनिटं ती सुरेख खेळली. मग समोरच्या संघातल्या एका चपळ मुलीने तिला दोनदा डाव्या बाजूने चकवलं. लोकांना वाटलं, समोरची जोरात आहे. तेवढ्यात मैदानावरचा, वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला आणि खांबावरचा लाल दिवा फिरायला लागला. इथला नियम कडक आहे. भोंगा वाजला की मैदान रिकामं करायचं आणि दिवा विझेपर्यंत छपराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सगळे कडेच्या शेडमध्ये जमलो. पाऊस असा आला की पलीकडचा गोल दिसेना.

दिवा विझेना. डॅनाने दोनदा घड्याळ बघितलं. मग ती मॅडमजवळ येऊन उभी राहिली. शेवडे शेजारीच होते. सुट्टी काढून आले होते.

“सोळा नंबर मला आवडली,” डॅना म्हणाली. “पण डाव्या बाजूला वळताना ती जरा थबकते. सवय आहे, की काही झालं होतं?”

शेवडे मराठीत, आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलंय. आता ते उकरून काढायची गरज नाही.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं नाही. डॅनाला म्हणाल्या, “याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती तिकडे बसलीय. तिला विचारा.” आणि हाक मारली, “सिक्स्टीन!”

रेवती आली. केस ओले, दातांचं गार्ड हातात. डॅनाने तोच प्रश्न विचारला. रेवतीने आधी वडिलांकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडम पावसाकडे बघत होत्या. त्या चेहऱ्यावरून काही ओळखण्यासारखं नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर मला त्या वेळी त्या बाईंचा राग आला असता.

“लेफ्ट नी, कोच,” रेवती म्हणाली. “लास्ट इयर. पार्शल टेअर. डॉक्टर सेज ओके ऑलरेडी. बट दॅट साइड... आय स्टिल थिंक फर्स्ट.”

त्या बाजूला वळायचं म्हटलं की अजून आधी विचार येतो. एवढं बोलून ती उभी राहिली. डॅनाने मान हलवली, तिचे आभार मानले, आणखी दोन-चार प्रश्न विचारले. लाल दिवा फिरतच होता. अर्ध्या तासाने तिने टॅक्सी बोलावली आणि एअरपोर्टला गेली. मॅच त्या दिवशी पुरी झालीच नाही.

मुली बसमध्ये चढल्यावर शेवडे मॅडमसमोर येऊन उभे राहिले.

“‘सवय आहे’ एवढं तुम्ही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?”

“माझं काही नसतं बिघडलं.”

“मग?”

“शेवडे, तिकडे रोज सराव असतो. गुडघा चांगला आहे असं समजून तिला पळवतील. दुखला तरी ती सांगणार नाही. सांगायचं नसतं, हे ती आज इथे शिकली असती.”

“ती आमची मुलगी आहे.”

“हो. म्हणून मी उत्तर दिलं नाही. तिला देऊ दिलं.”

शेवडे वळले आणि पावसातच निघून गेले. वहिनी छत्री घेऊन मागून धावल्या.

त्या दिवशीही आम्ही कॉफीला गेलो. मॅडमची कॉफी गार होत होती आणि त्यांनी कुणाच्याही पायांकडे बघितलं नाही. उठताना एकदाच म्हणाल्या, “कॉलेज चांगलं होतं हो.” बस, तेवढंच.

काही आठवड्यांनी डॅनाचा नकार आला. सभ्य भाषेत, कारण न देता. तिने हाँगकाँगची एक मुलगी घेतल्याचं आम्हाला पुढे कळलं. गुडघ्यामुळे नकार आला की त्या दोन चुकांमुळे, की ती दुसरी मुलगी खरंच सरस होती, ते आजही कुणाला माहीत नाही. शेवडेंना मात्र माहीत होतं. त्यांनी मॅडमशी बोलणं टाकलं. मंडळाच्या कार्यक्रमात मॅडम एका दाराने आल्या की ते दुसऱ्या दाराशी जायचे. रेवतीला त्यांनी सरावाला जायचं बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बंद केलं असतं तर रेवतीने ऐकलं असतं असंही नाही.

मॅडमनी या अबोल्याची दखल घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मला गोलच्या मागच्या बाजूला उभं केलं आणि अख्खा मोसम रेवतीचं डावीकडे वळणं टिपायला लावलं. सराव झाला की तिला अर्धा तास जास्त थांबवायच्या. स्वतः काठी घेऊन समोरून यायच्या, पन्नाशीतल्या गुडघ्यांनी धापा टाकत, पुन्हा पुन्हा त्याच बाजूने. “विचार कर,” ओरडायच्या. “विचार येतोय ना? येऊ दे! पण पाय थांबवू नको!” मग रेवतीने मीही कधी न ऐकलेल्या कॉलेजांना ई-मेल लिहिल्या. पहिल्या परिच्छेदात गुडघा. मॅडमची अट तीच होती. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका लहान गावातल्या लहान कॉलेजच्या कोचने गुडघ्याबद्दल पानभर प्रश्न विचारले, डॉक्टरांचे कागद मागवले, आणि शेवटी मॅडमना मत विचारलं. मॅडमनी दोन शब्दांत कळवलं.

रेवती गेली. एअरपोर्टवर मॅडम गेल्या नाहीत. त्या दिवशी ज्युनिअर मुलींची मॅच होती.

पहिल्याच हिवाळ्याआधी तिकडे तिचा गुडघा सुजला. हे मला बायकोकडून कळलं. तिला वहिनींनी सांगितलं होतं. कॉलेजच्या लोकांना सगळं आधीपासून ठाऊक असल्यामुळे कुणी दचकलं नाही. त्यांनी तिच्यासाठी व्यायाम आखूनच ठेवले होते. पहिला मोसम तिला एकही मिनिट खेळवलं नाही, आणि तिची जागाही काढून घेतली नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, “ते ऐकल्यावर आमचे हे दोन दिवस नुसते गॅलरीत बसून असायचे.”

मी मॅडमना ते सांगितलं. त्या नव्या मुलींना काठ्या वाटत होत्या.

“बाकावर बसून मॅच बघते ना? की फोन बघते?”

“ते मला काय माहीत?”

“विचारा,” त्या म्हणाल्या. मी विचारलं. मॅच बघते, असं उत्तर आलं. मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला काठी दिली.

पुढच्या वर्षी रेवती खेळायला लागली. तिच्या मॅचेस तिकडून नेटवर दाखवायचे. इथे ती वेळ पहाटेची. मॅडम बघत होत्या का, मी कधी विचारलं नाही. त्या मोसमानंतर त्यांचा शाळेतला करार संपला. मिस्टरांनीही बोट सोडली होती, दोघं पुण्याला परतणार होते. स्टाफने केकचा बेत केला. मॅडमनी मोडून काढला. शेवटच्या दिवशी नेहमीसारखा सराव घेतला, मुलींना नेहमीसारख्या ओरडल्या, आणि सहाच्या सुमारास “उद्यापासून नव्या कोचचं ऐका” म्हणून त्यांना घरी पाठवलं. मुली रडायला लागणार असं दिसताच पाठ फिरवून मैदानावरचे प्लॅस्टिकचे शंकू उचलायला लागल्या.

मी कॅमेरा बांधत होतो तेव्हा गेटमधून रेवती आत आली. सुट्टीवर आली होती. उंच झाली होती, खांदे भरले होते. मॅडमनी तिला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्याआधी तिची चाल बघितली. तिला मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे अशी पाच मिनिटं मैदानावर पळवली. बूट नव्हते, ती सँडल काढून पळाली. पळून आल्यावर दोघी मैदानाच्या मधोमध उभ्या राहून काही तरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. रेवतीने डोळे पुसले एवढं दिसलं. मग ती उरलेले चेंडू गोळा करायला गेली.

शेवडे गेटपाशीच थांबले होते. जुरोंग आयलंडवरून येताना बसमधून थेट इकडेच उतरले असावेत. कामाचे जड बूट पायांत, पास गळ्यात. मला वाटलं, ते तिथूनच परत जाणार. पण ते हळूहळू चालत आले आणि गोलपाशी उभे राहिले. मॅडम गोलची लोखंडी चौकट आत न्यायला कुणाला तरी शोधत होत्या. मी पुढे झालो, तोवर शेवडेंनी पलीकडची बाजू धरली होती. मी थांबलो.

दोघांनी चौकट उचलली. स्टोअररूमचं दार अरुंद होतं, त्यामुळे एकाला उलटं चालावं लागणार होतं. मॅडम उलट्या चालायला लागल्या. मागे वळून बघत नव्हत्या. शेवडे समोरून, त्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत, जपून पावलं टाकत होते.

“पायरी आहे, मॅडम,” शेवडे म्हणाले.

“सांगा.”

“अजून दोन पावलं. अजून एक. हां, आता पाय उचला.”

मॅडमनी पाय उचलला.